आपलं ‘थई जशे’ आणि त्यांचं ‘हो’: परदेशी गिऱ्हाइकांशी काम करणाऱ्या बडोदेकरांसाठी

सूरसागर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आज मांडते आहे. थोडं लांबेल, पण नीट सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये एकोणीस वर्षं काम करते आहे. पंपाचे शाफ्ट, फ्लँज, बुश असा माल. सुरुवात डिस्पॅचची चलनं लिहिण्यापासून झाली, आता परदेशी ऑर्डरींचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. शेठ गुजराती, सुपरवायझर आपले मराठी, ऑपरेटर निम्मे यूपी-बिहारचे. एका शेडखाली तीन-चार भाषा रोज नांदतात. त्यामुळे वेगळ्या माणसांशी कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी एक जर्मन गिऱ्हाईक हातचं गेलं. शाफ्टची ऑर्डर होती. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या खरेदी विभागातल्या बाईंनी विचारलं, “आठवडा १४ मध्ये माल निघेल का?” तिकडे पुष्कळदा तारखेऐवजी वर्षातल्या आठवड्याचा आकडा सांगतात. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो आठवडा १. मला हे माहीत होतं. मी शेठना कागदावर लिहून दाखवलं, एप्रिलची सुरुवात. शेठ हसून म्हणाले, “यस यस, नो प्रॉब्लेम.” कॉल बंद झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “थई जशे.” म्हणजे, होऊन जाईल.

हीट ट्रीटमेंट, म्हणजे शाफ्ट भट्टीत तापवून कडक करणं, आम्ही बाहेर करून घेतो. तिथली भट्टी बंद पडली. तीन आठवडे उशीर होणार हे मार्चच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी म्हटलं, कळवूया. शेठ म्हणाले, “अत्यारथी शुं काम गभरावीए? कंईक रस्तो नीकळशे.” (आत्तापासून कशाला घाबरायचं? काहीतरी रस्ता निघेल.) रस्ता निघाला नाही. आठवडा १४ च्या बुधवारी त्यांचा मेल आला, एअरवे बिलाचा, म्हणजे विमानानं माल पाठवल्याच्या पावतीचा, नंबर द्या म्हणून. तेव्हा मी खरं काय ते लिहिलं. माल पुढे गेला, पैसेही पूर्ण आले. पण नवी चौकशी आली नाही. शेवटच्या कॉलवर त्या बाई शांतपणे एवढंच म्हणाल्या, “उशीर होतो, हे मला समजतं. तुम्हाला मार्चमध्ये माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाही, हे मला समजत नाही.”

ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

शेठ खोटं बोलणारे नाहीत. माणसांना अडीनडीला धावून जाणारे आहेत. त्यांचं ‘थई जशे’ म्हणजे ‘मी जीव तोडून प्रयत्न करीन, तुम्ही काळजी करू नका’ असं असतं. आणि आमच्याकडे कुठलं काम आधी मशीनवर चढवायचं हे कागदावर ठरतच नाही, फोनवर ठरतं. अंकलेश्वरचं गिऱ्हाईक दर दोन दिवसांनी फोन करतं, वटव्याचं तर सकाळ-संध्याकाळ. ज्याचे फोन जास्त, त्याची घाई जास्त, हे सगळ्या शॉप फ्लोअरला न सांगता कळतं. जर्मन बाईंनी सहा आठवड्यांत एकदाही फोन केला नाही. सगळ्यांनी धरून चाललं की त्यांना घाई नाही.

मला वाटतं, हा दोन संस्कृतींतला फरक आहे. आपण ‘हो’ समोरच्या माणसाला देतो, त्याचा मान राखायला. त्यांनी तो तारखेला दिलेला धरला. तुमच्या कामात असं काही झालं असेल तर सविस्तर लिहा. आम्हाला खरंच शिकायचं आहे.


लहरीपुरा

थोडं कडू लिहितो, राग मानू नका. यात संस्कृती कुठे आली? भट्टी बंद पडली, कळवलं नाही, हा ढिसाळपणा आहे. माझे वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. मराठी होते, बडोद्यातच जन्मले. दिलेल्या दिवशी काम झालं नाही असं मी त्यांच्या बाबतीत कधी पाहिलं नाही. आपणच आपल्या चुकीला संस्कृतीचं नाव दिलं तर ती सुधारणार कशी?


फतेगंज ते स्टुटगार्ट

सूरसागर, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी बडोद्याची, गेली अकरा वर्षं स्टुटगार्टला आहे आणि टेबलाच्या त्या बाजूला बसते, म्हणजे पुरवठादारांचं वेळापत्रक बघते. त्या बाईंच्या जागी मी असते तर काय वाटलं असतं, ते सांगते.

पहिली गोष्ट फोनची. इथे एकदा तारीख ठरली की पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. त्यांनी फोन केला नाही तो तुमचा मान राखण्यासाठी. तुमच्याकडे त्याच शांततेचा अर्थ ‘घाई नाही’ असा लागला. दोन्हीकडची माणसं आपापल्या रीतीनं सभ्यच वागत होती, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

दुसरी, उशीर कधी सांगायचा ही. मार्चमध्ये सांगितलं असतं तर त्या बाईंनी जोडणीचा क्रम बदलला असता, दुसरा पंप आधी घेतला असता. त्यांच्या हातात उपाय होते. आठवडा १४ च्या बुधवारी त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं, आणि स्वतःच्या वरिष्ठांसमोर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची वेळ त्यांच्यावर आली. इथे अडचण लवकर सांगणाऱ्याची पत जात नाही, उलट वाढते. मला हे पटायला दोन वर्षं लागली. पहिल्यांदा मिटिंगमध्ये ‘माझं काम मागे पडलंय’ असं सांगताना घशाला कोरड पडली होती. सगळ्यांनी मान डोलावली, कुणीतरी विचारलं ‘किती दिवस?’, आणि पुढचा विषय सुरू झाला.

तिसरी, टोचणाऱ्या बोलण्याची. तुमचा नमुना तपासून आला की पत्रात पहिल्या ओळीपासून दोषच दोष असतील, कौतुकाचा एक शब्द नसेल. घाबरू नका. आमच्या या श्वाबियन भागात म्हणच आहे, रागावलं नाही म्हणजे कौतुक झालं असं समजावं. दोषांची यादी पाठवली याचा अर्थ त्यांना तुमच्याबरोबर पुढे काम करायचं आहे. ज्याच्याशी काम करायचंच नाही त्याच्यासाठी इथे कुणी यादी करत बसत नाही.

आणि एक सोपी गोष्ट, जी मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा लवकर कळेल. जर्मनमध्ये ‘झी’ आणि ‘डू’ आहे, आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखं. समोरून ‘डू’ येईपर्यंत आपण ‘तुम्ही’वरच राहायचं. नव्या सुनेनं सासरी जसं कान उघडे ठेवून ऐकावं, तसं.

लहरीपुरा, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण सूरसागरच्या शेठना ‘ढिसाळ’ म्हणून विषय मिटवला तर फोनची गोष्ट कधीच कुणाच्या लक्षात येणार नाही.


मांडवी

विषय व्यापाराचा आहे, पण बडोद्यात ही चर्चा चालली आहे म्हणून एक आठवण द्यावीशी वाटते. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सिंहासनावर. संस्थानिकांनी पुढे जायचं, झुकून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरकायचं, अशी रीत ठरलेली. आपले सयाजीराव महाराज गेले, एकदाच थोडं झुकले आणि वळून चालू लागले. सम्राटाला पाठ दाखवली म्हणून इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, दरबाराच्या चित्रफितीत लोकांनी तो क्षण शोधून पाहिला. महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंजना खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. तो मुद्दाम केलेला बाणेदारपणा होता की त्या घडीचा गोंधळ, यावर आजही दोन मतं आहेत.

मला त्यातून एवढंच दिसतं, की करणाऱ्याच्या मनात काय होतं हे कुणी विचारलं नाही. पाहणाऱ्यांनी आपल्या रीतीप्रमाणे अर्थ लावला आणि तोच अर्थ जगभर गेला. तुमच्या शेठचं ‘नो प्रॉब्लेम’ जर्मनीत पोहोचलं ते तसंच.


कमाटीबाग

सूरसागरताई, मी निवृत्त आहे. नोकरीत असताना ट्रान्सफॉर्मरच्या कामानिमित्त नव्वदच्या दशकात जपानी इंजिनिअरांबरोबर चार वर्षं काढली. जर्मनांच्या अगदी उलट टोकाचा अनुभव लिहितो.

आम्ही एका बैठकीत कुलिंगची नवी मांडणी समोर ठेवली. समोर सहा जण, प्रत्येक वाक्याला ‘हाई, हाई’. आम्ही बाहेर येऊन पेढे वाटायचे बाकी होते. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘ही गोष्ट थोडी अवघड आहे.’ आम्हाला वाटलं, अवघड आहे म्हणजे करता येईल, मेहनत पडेल. आणखी दीड महिना आम्ही गणितं करत बसलो. त्यांच्याकडे ‘मुझुकाशी’ म्हणजे अवघड, हा जवळपास नकारच असतो. आणि ‘हाई’ म्हणजे ‘मी ऐकतो आहे’. आपण गोष्ट ऐकताना ‘हं, हं’ म्हणतो, तसं.

शेवटी त्यांच्यातल्या एका वयस्क इंजिनिअरनं चहाच्या वेळी मला हळूच समजावलं, की बैठकीत कुठलीच गोष्ट पहिल्यांदा मांडायची नाही. आधी एकेकाला वेगळं भेटायचं, त्याची शंका ऐकायची, कागद दुरुस्त करायचा, मग पुढच्याला भेटायचं. बैठक फक्त शिक्का मारायला. त्याला ते ‘नेमावाशी’ म्हणतात. मूळ शब्द बागकामाचा. मोठं झाड हलवायचं असेल तर आधी काही काळ त्याच्या मुळांभोवती खणून ती तयार करायची, मग उचलायचं.

मी घरी येऊन हे सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, यात नवीन काय? लग्नाच्या याद्या होतात तेव्हा बैठकीत काही ठरतं का? मानपान, देणंघेणं, कोणाकडचं जेवण, सगळं मध्यस्थानं आधी दोन्ही घरी फिरून जमवलेलं असतं. बैठकीत फक्त कुंकू लावून सह्या. माझे डोळे उघडले. जी रीत मला माहीत होती ती मी कारखान्याच्या दाराबाहेर ठेवून आत जात होतो.

त्यानंतरचा प्रस्ताव मी तसा नेला. सहा जणांना सहा वेळा भेटलो. चार महिने लागले, पण मंजुरीनंतर एकही बदल सुचवला गेला नाही.


खंडेराव मार्केट

माझं काम सॉफ्टवेअरचं, गिऱ्हाईक अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये. दोनच गोष्टी लिहितो.

एक, घड्याळ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे तिघांचा कॉल असला की कुणीतरी एक तास चुकतोच. परत यायच्या तारखाही वेगळ्या, युरोप ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आणि अमेरिका नोव्हेंबरचा पहिला. आपलं घड्याळ हलत नाही, म्हणून हे लक्षात ठेवायचं काम आपलं. मी भिंतीवर लिहून ठेवलंय.

दोन, एकच इंग्रजी दोन देशांत. एखादा विषय ‘टेबल करा’ असं इंग्रज म्हणाला तर तो आत्ता चर्चेला घ्यायचा असतो. अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवायचा असतो. अगदी उलट. मला एकदा यावरून पूर्ण तयारी करून गेल्यावर कळलं की तो विषय त्या दिवशी नव्हताच.


सूरसागर

सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद दोनदा वाचला.

लहरीपुरा, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. चूक झाली आणि त्यात माझाही वाटा आहे. मी शेठच्या पुढे जाऊन मेल लिहू शकले असते, लिहिला नाही. पण तुमच्या वडिलांचा विचार करत होते. रेल्वेत वेळापत्रक होतं, जॉब कार्ड होतं, उशीर झाला तर तो नोंदवायला एक रकाना होता. आमच्याकडे तो रकानाच नाही. म्हणून मी ज्याला संस्कृती म्हणते आहे ती रक्तातली नसावी, कामाच्या जागी हाताला लागलेली सवय असावी. तसं असेल तर ती बदलता येईल, आणि मला त्यातच आशा वाटते.

फतेगंज, ‘त्यांच्या हातात उपाय होते’ हे वाक्य मी आज शेठना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

एक जुना किस्सा सांगते, यात निभावलं. एका जर्मन ऑर्डरवर संख्या छापली होती २,०००. आम्ही दोन हजार नग धरले. ऑफिसनं दोन हजारांच्या हिशेबानं राउंड बारची (शाफ्टसाठीच्या गोल सळ्यांची) मागणीही लिहिली. आमचे स्टोअरकीपर पॅकिंगची सूचना वाचत होते. त्यांनी विचारलं, “ताई, दोन हजार शाफ्ट एका पुठ्ठ्याच्या खोक्यात कसे मावणार?” तिकडे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात आणि हजाराला टिंब. त्यांच्या संगणकानं दशांशाची तीन स्थळं छापली होती. मागितले होते फक्त दोन नग, नमुन्याचे. तो माणूस नववी शिकलेला आहे आणि त्या दिवशी त्यानं कंपनी वाचवली. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरचा आकडा आम्ही अक्षरी लिहून परत पाठवतो.


दांडियाबझार

सूरसागर, याचाच भाऊ सांगतो. ड्रॉइंग. वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती, आपल्याकडे आणि युरोपात फर्स्ट अँगल, अमेरिकेत थर्ड अँगल. खालच्या कोपऱ्यात ते कापलेल्या शंकूचं चिन्ह असतं, नवा मुलगा ते बघतच नाही. डावी बाजू उजवीकडे जाते. आमच्या चाळीस ब्रॅकेटांची भोकं उलट्या बाजूला पडली, सगळी भंगारात. मोजमाप एकेक बरोबर होतं.


वाघोडिया रोड

आखाती देशांत व्हॉल्व्ह पाठवतो. तिथली गणितं वेगळी. सौदीत २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुटी, त्याआधी गुरुवार-शुक्रवार होती. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. ‘आखात’ असं एकच धरून मेल टाकले की एकाकडे तुमचं पत्र दोन दिवस पडून राहतं. रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात, त्या महिन्यात निर्णयाची घाई करू नये आणि दुपारी फोन करू नये.

पण मला जे सांगायचंय ते कॉफीचं आहे. पहिल्या भेटीत तास-दीड तास कामाचं बोलणं निघालंच नाही. घरचे कसे, बडोद्यात पाऊस कसा, मुलं काय शिकतात. मी घड्याळ बघत होतो. बरोबरच्या जुन्या एजंटनं गुडघ्याला हात लावून थांबवलं. बिनकानाच्या छोट्या पेल्यातून कॉफी येत राहते, उजव्या हातानंच घ्यायची, आणि पुरे झाली की पेला हलकेच डावी-उजवीकडे हलवायचा. तोवर भरतच राहतात. मला खूण माहीत नव्हती, सहा पेले प्यालो. त्या माणसाबरोबर आज चौदा वर्षं व्यवहार आहे. एकदा आमचा कंटेनर अडकला तेव्हा त्यानं दंड लावला नाही. तो तास-दीड तास मी उगाच ‘वाया’ समजत होतो.

आपल्या बडोद्याच्या जुन्या पेढ्यांवर हेच चालायचं. गादीवर बसा, पाणी घ्या, चहा घ्या, मग भावाचं बघू.


अलकापुरी

सगळं बाहेर जाण्याबद्दल चाललंय, ते आपल्याकडे येतात तेव्हाचं कुणीतरी लिहा ना. आमच्याकडे पुढच्या महिन्यात दोन डच इंजिनिअर येणार आहेत. मालक जैन, जेवण शाकाहारी, आणि गुजरातमध्ये तर दारूबंदी. वाईट दिसेल का?


फतेगंज ते स्टुटगार्ट

अलकापुरी, अजिबात नाही, फक्त येण्याआधी सांगून ठेवा. इथल्या लोकांना नियम आवडतात, अचानक कळलेला नियम आवडत नाही. बाहेरून येणाऱ्यांना गुजरातमध्ये परमिट मिळतं, हवं असेल तर त्यांचं ते बघतील.

मात्र एक गोष्ट हात जोडून सांगते, आग्रह करू नका. माझ्या माहेरी माझे एक जर्मन सहकारी जेवायला आले होते. आईनं पुरणपोळी केली. ते ‘नको’ म्हणाले, आईनं वाढली. पुन्हा ‘नको’, पुन्हा वाढली, वर तूप. ताटात टाकायचं नाही म्हणून त्यांनी सगळं संपवलं आणि रात्रभर त्रास झाला. आई मला म्हणाली, किती भिडस्त माणूस, पोटभर जेवत नव्हता!

याच्या उलट आपली मुलं इथे येतात. कुणी विचारतं, चहा-कॉफी? हा संकोचून ‘नको’ म्हणतो, दुसऱ्यांदा विचारतील या भरवशावर. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. मी स्वतः पहिल्या आठवड्यात अशी उपाशी बसले आहे. आपलं पहिलं ‘नको’ हे नको नसतं आणि पहिलं ‘हो’ हे हो नसतं. दोन्ही एकाच घरातली भावंडं आहेत.


पोलोग्राउंड

मी व्यवस्थापन शिकवतो. वर्गात या विषयाची सुरुवात गीर्ट होफस्टेड या डच संशोधकापासून होते. त्यांनी १९६७ ते १९७३ या काळात अनेक देशांतल्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांचा अभ्यास केला आणि १९८० मध्ये तो प्रसिद्ध झाला. वरिष्ठांपुढे माणूस किती बोलतो, अनिश्चितता किती सहन करतो, अशा मापांवर देशांची तुलना करायची पद्धत त्यातून रूढ झाली. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी त्याआधी मांडलं होतं, की काही समाजांत अर्थ शब्दांत असतो आणि काहींत शब्दांच्या आजूबाजूला. कमाटीबाग काकांचं ‘हाई’ आणि सूरसागर यांचं ‘थई जशे’ दोन्ही त्या दुसऱ्या जातीचे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट बजावून सांगतो. ही सरासरी आहे, आणि मूळ आकडे एकाच कंपनीतल्या लोकांचे. ‘जर्मन म्हणजे असा’ हे मनात धरून गेलात तर समोर बसलेला माणूस दिसणारच नाही. लहरीपुरा यांचे वडील आणि सूरसागर यांचे शेठ एकाच शहरातले आहेत, हे या धाग्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

शिवाय मोठ्या मोठ्या कंपन्यांनाही हे साधलेलं नाही. जर्मन डाइमलर आणि अमेरिकन क्रायस्लर या मोटार कंपन्या १९९८ मध्ये एकत्र आल्या, २००७ मध्ये वेगळ्या झाल्या. पैसा आणि अभियांत्रिकी दोन्हीकडे होती. पगाराच्या, निर्णयाच्या, बैठकीच्या रीती जुळल्या नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.


हरणी रोड

विमानतळाजवळ राहतो आणि विमानांचा नाद आहे, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. २७ मार्च १९७७, स्पेनचं तेनेरिफे बेट. धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. डच विमानाच्या सहवैमानिकानं रेडिओवर जे म्हटलं त्याचा अर्थ त्याच्या लेखी ‘आम्ही उड्डाण करत आहोत’ असा होता. नियंत्रकानं ऐकलं, ‘आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत.’ त्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, समोरचं विमान अजून धावपट्टीवर नाही ना? त्यानं विचारलंही. कॅप्टन फार ज्येष्ठ होता, त्यानं ठामपणे उत्तर दिलं आणि विषय तिथेच संपला.

त्यानंतर जगभर नियम बदलले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. सूचना मिळाली की ‘ओके’ म्हणायचं नाही, ती सूचना पुन्हा बोलून दाखवायची. आणि कनिष्ठानं शंका काढली तर ज्येष्ठानं थांबून ऐकायचं, याचं प्रशिक्षण सुरू झालं.

सूरसागर, तुमचे स्टोअरकीपर म्हणजे तो फ्लाइट इंजिनिअर आहेत, फक्त तुमच्याकडे त्यांचं ऐकलं गेलं. आणि आकडा अक्षरी लिहून परत पाठवणं म्हणजे सूचना बोलून दाखवणंच.


लहरीपुरा

सूरसागर, तुमचं उत्तर वाचलं. रकान्याचा मुद्दा पटला. वडील डायरी ठेवायचे, त्यात ‘राहिलेली कामं आणि कुणाला सांगितलं’ असं एक पान असायचं. घरी आहे अजून. मी त्याला त्यांचा स्वभाव समजत होतो.


सूरसागर

मंडळी, दोन महिन्यांनी परत येते आहे, कारण काही सांगण्यासारखं झालंय.

लहरीपुरांच्या वडिलांचं पान मी चक्क उचललं. ऑफिसात एक फळा लावला आहे. प्रत्येक परदेशी ऑर्डर, दिलेला आठवडा, आज कुठे आहे, आणि शेवटचा रकाना ‘कुणाला कळवलं’. दर शुक्रवारी प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन-चार ओळींचा मेल जातो. काही बिघडलं असेल तर ते पहिल्या ओळीत. गिऱ्हाइकानं विचारलेलं नसलं तरी जातो. फळ्यामुळे फोनचा हिशेब मोडला. ज्याचा फोन येत नाही त्याचं नावही रोज डोळ्यासमोर असतं.

शेठ पहिल्या दोन आठवड्यांत फार अस्वस्थ होते. मला म्हणाले, “खराब समाचार लखवा माटे मारो हाथ ज नथी ऊपडतो.” (वाईट बातमी लिहायला माझा हातच उचलत नाही.) मी म्हटलं, लिहिते मी, तुम्ही फक्त थांबवू नका. एका डॅनिश गिऱ्हाइकाला नऊ दिवसांचा उशीर होणार होता, तो तीन आठवडे आधी कळवला. मेल पाठवायचं बटण दाबताना दोघंही स्क्रीनकडे बघत उभे होतो. तासाभरात उत्तर आलं, दोन ओळी. कळवल्याबद्दल आभार, आम्ही दुसरी बॅच आधी घेतो. शेठनी ते मला तीनदा वाचायला लावलं.

स्टोअरकीपरांचं नाव आता ऑर्डर तपासणाऱ्यांच्या यादीत आहे. त्यांच्या सहीशिवाय माल मागवला जात नाही.

त्या जर्मन बाईंनाही पत्र लिहिलं. कारणं दिली नाहीत. मार्चमध्ये आम्हाला माहीत होतं, कळवायला हवं होतं, आता आम्ही असं असं करतो, एवढंच. उत्तर आलं की पत्र मिळालं, पुरवठादारांची यादी आम्ही वर्षअखेरीला बघतो. हे चांगलं की वाईट, फतेगंज, तू सांग.

आणि एक मदत हवी आहे. दिवाळीला आमचं शॉप धनतेरसपासून लाभपाचमपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत) बंद असतं, आणि यूपी-बिहारची मुलं छठ करून परततात, म्हणजे खरं काम त्याहून उशिरा सुरू होतं. शिवाय नवरात्रात दुसरी पाळी चालत नाही, आणि उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस गच्चीवरून कुणी खाली उतरत नाही. हे सगळं आजवर आम्ही गिऱ्हाइकाला कधी सांगितलंच नाही, सगळ्या जगाला माहीत असल्यासारखं. कसं लिहू?


फतेगंज ते स्टुटगार्ट

चांगलंच. नको असतं तर ‘आभार’ म्हणून संपवलं असतं. वर्षअखेर लिहिली म्हणजे तुझं पत्र फाइलला लागलं. मध्ये आठवण करू नकोस. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक मेल टाक.

सुट्यांचं आत्ताच पाठव, पुढच्या पूर्ण वर्षाचं, एका पानावर. सणाचं नाव लिही, ते काय आहे ते एका ओळीत सांग, लोकांना वाचायला आवडतं. पण समोर तारखा आणि आठवड्याचे आकडे हवेतच. ‘लाभपाचमनंतर’ असं नको. बंद कधी, सुरू कधी, आणि पूर्ण ताकदीनं काम कधी, असे तीन रकाने कर. छठहून मुलं परतण्याची तारीख तिसऱ्या रकान्यात. आणि त्यांच्याही सुट्या विचारून घे. इथे ऑगस्टमध्ये अर्धं ऑफिस रिकामं असतं, तेव्हा तुझा नमुना तपासायला कुणी नसेल.


सूरसागर

तीन रकाने. आज रात्रीच करते. तयार झालं की इथे टाकीन, कुणाला उपयोगी पडलं तर घ्या.


अलकापुरी

नक्की टाका, वाट बघते. आमचे डच पाहुणे येऊन गेले. आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच उंधियू परत मागितलं.